तपासले, सही, तारीख

१२ जुलै

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद आणि सोबत एक कबुलीजबाब.

गेल्या तीन पत्रांत मी तुला लिहिलं की रोज सकाळी फिरायला जातो. ते अगदीच खोटं नाही. घरापासून कॉलेजपर्यंत चालतच जातो. फक्त तिथून लगेच परत येत नाही, चार तास बाकावर बसतो. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला नाव घातलं आहे, विषय वनस्पतिशास्त्र. आता घोटभर पाणी पी आणि पुढचं वाच.

तुला ठाऊक आहे, विसाव्या वर्षी मी हाच वर्ग अर्ध्यात सोडला. तुझे आजोबा गेले, मी शाळेत चिकटलो, मग जमतील त्या पदव्या घेतल्या आणि एकतीस वर्षं हेडमास्तरकी केली. पानं, मुळं, खोडं राहूनच गेली. तुझी आई होती तोवर गॅलरीतल्या कुंड्यांवर भागत होतं. ती गेल्यापासून घरात दिवस सरता सरत नाही. म्हणून उठलो आणि फॉर्म भरला. खिडकीतल्या कारकुनानं फॉर्म नातवासाठी का असं विचारलं. मी म्हटलं, नातू दुसरीत आहे आणि इतका हुशार नाही.

खरी गंमत पुढेच आहे. आम्हाला शिकवायला कोण आहे, सांग पाहू. आपल्या शाळेतला खडूखाऊ! तुझ्या पुढे दोन वर्षं होता, फळ्याखाली पडलेले तुकडे मटकावायचा, तोच. पहिल्या दिवशी हजेरी घेताना तो माझ्या नंबरावर आला, मान वर केली आणि हातातला खडू चटकन खिशात लपवला. मी हजर सर म्हणालो, तोही बरं सर म्हणाला. कोण कोणाला शिकवणार, हे वर्गाला दोन दिवस कळेना.

प्रॅक्टिकलला चौघांचं एक टेबल. माझ्याबरोबर एक शिट्टी आहे, म्हणजे ओठांवर सदैव शिट्टी असलेली मुलगी. एक पैलवान, वजन त्रेचाळीस किलो. आणि एक जांभई, तिच्याबद्दल वेगळं सांगायला नको. मला तिघंही बॉस म्हणतात. खोडाचा पातळ काप ब्लेडनं कसा घ्यायचा ते पैलवानानं शिकवलं. माझा पहिला काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर त्यात माझ्याच बोटाचं कातडं निघालं.

थट्टा पुरे. मला वर्षअखेरीची परीक्षा द्यायची आहे, आणि पास व्हायचं आहे. जावईबापूंना नमस्कार, पठ्ठ्याला गोड पापा. माया आहेच, रागावू नकोस.

तुझा,
बाबा

---

२१ जुलै

ती. बाबांस,
सा. न. वि. वि. नमस्कार साष्टांग आहे, राग मात्र त्याहून लांबलचक आहे.

तीन पत्रं थापा मारल्यात! माझ्या वर्गातल्या पोरांनी असं केलं असतं तर मी बाकावर उभं केलं असतं. तुमचं पत्र मी स्टाफरूममध्ये वाचलं आणि इतक्या जोरात हसले की शेजारच्या वर्गावरच्या बाई काय झालं म्हणून डोकावून गेल्या. घरी हे तर कौतुकानं फुगलेत. फक्त पठ्ठ्या रुसला आहे. इतका हुशार नाही हे वाक्य मी त्याला वाचून दाखवायला नको होतं. त्यानं विचारलंय की आजोबांना गृहपाठ असतो का, आणि नाही केला तर कोण ओरडतं.

आता नीट ऐका. वर्ग तिसऱ्या मजल्यावर असणार, तुमचा गुडघा मला माहीत आहे. जिना सावकाश चढायचा. डबा न्यायचा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, तिथे हेडमास्तरकी करायची नाही. कोणाच्या शर्टाचं बटण लावायला सांगायचं नाही, फळा कसा पुसावा हे खडूखाऊला शिकवायचं नाही. तुम्ही विद्यार्थी आहात, विद्यार्थ्यासारखं वागा.

पत्र दर आठवड्याला हवं. तब्येत जपा, लेकीवरची माया पातळ होऊ देऊ नका.

आपली,
ठकू

---

५ डिसेंबर

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद. हे पत्र एकटी असताना वाच.

विद्यार्थ्यासारखं वागा असं तू लिहिलं होतंस. मी ते फारच मनावर घेतलं आणि आता तोंड लपवायला जागा उरलेली नाही.

झालं असं. ऑक्टोबरात गुडघ्याच्या व्यायामासाठी दोन आठवडे वर्ग बुडाले. हजेरी कमी भरली तर परीक्षेला बसू देत नाहीत. परत आलो तेव्हा कळलं की माझी हजेरी शंभर टक्के आहे. पैलवान रोज माझ्यासारखा खाकरून हजर म्हणत होता. वर्ग नव्वद जणांचा, आणि खडूखाऊ माझ्या बाकाकडे अजून मान वर करून बघत नाही. हे कॉलेजात कोणालाच माहीत नाही, तेव्हा एवढा मजकूर वाचून फाडून टाक.

या उपकाराचं ओझं मला होतं. सोमवारी जर्नल द्यायचं आणि शनिवारी तिघांची जर्नलं कोरी करकरीत. रविवारी दुपारी तिघं आपल्या जेवणाच्या टेबलाशी येऊन बसली, आणि मी एकेकाच्या चौदा चौदा आकृत्या काढून दिल्या. काम चोख केलं हो! शिट्टीच्या रेघा तिरप्या, पैलवानाच्या ठळक. जांभईची एक आकृती मुद्दाम अर्धवट ठेवली, नाहीतर कोणी विश्वास ठेवला नसता. मग ती तिघं चहा करायला आत गेली आणि मी बाहेर एकटा राहिलो. समोर वह्यांचा गठ्ठा.

ठकू, एकतीस वर्षांची सवय आहे गं. वह्यांचा गठ्ठा दिसला की हात आपला आपण लाल पेनाकडे जातो. मी पानोपानी लिहिलं, तपासले. खाली सही. खाली तारीख. जांभईच्या अर्धवट आकृतीखाली आळस सोडावा असा शेरासुद्धा मारला. मग गठ्ठा बांधून त्यांच्या हाती दिला आणि पोरांनी तो तसाच, न उघडता, नेऊन ठेवला.

ती सही खडूखाऊनं शाळेत पाच वर्षं स्वतःच्या वहीत पाहिलेली. लॅबमधला मदतनीस सांगतो की सही दिसताच सर खुर्चीतून ताडकन उभे राहिले. त्यानं मला बाजूला घेतलं, घाम पुसला आणि म्हणाला की सर, तुम्हाला मी काय बोलणार. पण तोवर प्राचार्यबाईंनी गठ्ठा पाहिला होता. त्यांचा नियम असा की करून घेणारे आणि करून देणारे, सगळ्यांच्या पालकांचं पत्र वीस तारखेपर्यंत आलं पाहिजे, नाहीतर परीक्षेचा फॉर्म पुढे जाणार नाही. खडूखाऊ माझ्यापुरती सूट मागत होता. मला गप्प राहवलं नाही. मी म्हणालो की नियम सगळ्यांना सारखा हवा, बाईंच्या जागी मी असतो तरी हेच केलं असतं. बाईंनी ते लगेच मान्य केलं.

त्या तिघांचे आईबाप गावातच आहेत. मी सहासष्टाव्या वर्षी पालक कुठून आणू? ऑफिसात म्हणाले की नात्यातलं जवळचं कोणी चालेल. जवळचं म्हणजे तूच.

ज्या गोष्टीसाठी मी शेकडो पोरांना धारेवर धरलं, त्यासाठी लेकीपुढे हात जोडायची वेळ आली. लाज वाटते. पण हे वर्ष मला सोडायचं नाही. एकदा सोडलं, तेवढं पुरे झालं.

लोभाची आज जरा जास्त गरज आहे.

तुझा,
बाबा

---

१३ डिसेंबर

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

सहावीत माझा शिवणाचा रुमाल आईनं शिवून दिला, म्हणून तुम्ही मला अख्ख्या शाळेसमोर उभं केलं होतंत. आठवतंय? मला तर रुमालाचा रंगही आठवतोय. तुमचं पत्र वाचून मी आधी पोट धरून हसले आणि मग स्वयंपाकघरात जाऊन थोडी रडले.

सोबत प्राचार्यबाईंसाठी पाकीट आहे. बंद आहे. पालकांचं पत्र पोरांनी वाटेत उघडायचं नसतं. त्यात काय लिहिलंय असं विचारूही नका.

गुडघा, डबा, जिना. विसरू नका.

आपली,
ठकू

---

१३ डिसेंबर

मा. प्राचार्यबाई यांस,
स. न. वि. वि.

माझे वडील आपल्या कॉलेजात पहिल्या वर्षात शिकतात. त्यांनी तीन मित्रांची जर्नलं काढून दिली आणि वर तपासूनही दिली, हे मला समजलं. त्यांना घरी योग्य ती समज दिली आहे. आमच्या घरचं वळण त्यांनीच लावलेलं असल्यामुळे तक्रार नेमकी कोणाकडे न्यावी हे कळत नाही. संगतीचं म्हणाल तर मुलांना बोल लावू नये, त्या टेबलावरची वाईट संगत बहुधा हेच असावेत.

बाई, मीही शिक्षिका आहे, नियम मला मान्य आहे. एकच सांगते. आई गेल्यापासून दोन वर्षं बाबांच्या पत्रात हवा कशी आहे आणि गोळ्या वेळेवर घेतल्या, एवढंच असायचं. मी पत्र उघडायला भीत होते. जुलैपासून त्यांच्या पत्रात माणसं आली आहेत. शिक्षा जरूर करा, पण त्यांना परीक्षेला बसू द्या. ते पुन्हा असं करणार नाहीत, ही जबाबदारी माझी.

आपली विश्वासू,
विद्यार्थ्याची मुलगी (पालक)

---

२० डिसेंबर

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद, आणि आजपासून थोडा नमस्कारही.

पाकीट मी उघडलं नाही. देवाशप्पथ. वाटेत उजेडाकडे धरून पाहिलं, पण कागद जाड निघाला.

बाईंनी माझ्यासमोरच पत्र वाचलं. मधे एकदा हसल्या, मग चष्मा काढून बराच वेळ पुसत बसल्या. शिक्षा झाली आहे. चौघांनी खडूखाऊच्या देखत आपापलं जर्नल पुन्हा काढायचं, आणि मी वेगळ्या टेबलावर एकटं बसायचं. लॅबमध्ये शिरताना तो माझा खिसा तपासतो, लाल पेन आहे का म्हणून. आधी माफ करा सर म्हणतो, मग तपासतो. शिट्टी लांबून खुणा करते, आणि जांभईनं चार आकृत्या स्वतःच्या हातानं पुऱ्या केल्यात.

फॉर्म पुढे गेला. परीक्षा मार्चात.

निघताना बाईंनी तुझं पत्र माझ्या हातात ठेवलं आणि म्हणाल्या की विद्यार्थ्यानंही हे वाचावं. मी ते जिन्यात बसून वाचलं. माझी पत्रं उघडायला तू भीत होतीस, हे मला माहीत नव्हतं गं. आता अशी पत्रं येणार नाहीत.

फॉर्मवर पालक या रकान्यात कारकुनानं तुझं नाव लिहिलं. माझे वडील गेल्यापासून त्या जागी कोणी नव्हतं. शेहेचाळीस वर्षांनी घरी कोणीतरी माझ्या मार्कांची वाट बघणार, म्हणून बरं वाटलं आणि जरा धाकही बसला. पहिल्या चाचणीचा निकाल सोबत जोडला आहे. पंचवीसपैकी अकरा.

ओरडू नकोस. सही करून परत पाठव.

तुझा आज्ञाधारक पाल्य,
बाबा