हौसाचे काळे ओठ

बारामती, सोमवार, जानेवारी १९३६. दिवेलागण.

इंजेक्शनं न्यायला आलोय. टांग्याचा घोडा पाणी पितोय तेवढ्यात लिहितो, नाहीतर डोकं फुटेल.

सकाळी पणदऱ्यात हौसाला तपासलं. इन्फ्लुएंझाचा पाचवा दिवस. ओठ काळपट दिसले. बाई मिशरी लावते, म्हणून असतील, असं मीच ठरवलं आणि औषधाची बाटली देऊन परतलो. दुपारी तिचा नवरा सायकलवर धापा टाकत आला. "डाक्टर, तोंडातनं तांबूस फेस येतुया."

गेलो, तिला टेकवून बसवलं. दोन्ही फुप्फुसांत नुसते बुडबुडे. हा ताप तिथल्या केसाहून बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतीच खातो, आणि हवेच्या जागी रक्त झिरपतं. कोरड्या अंथरुणात माणूस बुडतो. ते ओठ हवा न मिळाल्यानं काळे पडले होते! सकाळी ओळखले असते तरी मी काय करणार होतो? कदाचित काहीच नाही. तरीसुद्धा.

तिच्यासाठी इंजेक्शनं आणायला निघताना सासूला मिशरीचं विचारलं. म्हणाली, "ताप आल्यापास्नं तिनं हात न्हाय लावला. तुमी इचारलंच न्हाय."

सकाळी नाडी बघताना तिचा हात माझ्याच हातात होता. नखंही निळी होती. नखांना कोण मिशरी लावतं?