हद्दीवरचं मचाण

डोल्शाइड, ६ एप्रिल

चि. गेर्नोट यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तू निवडलेल्या मचाणाचा फोटो मिळाला. मचाण आहे की न्हाव्याचं दुकान? खाली गालिचा, गोल फिरणारी खुर्ची, पाय शेकायला शेगडी आणि बियरचा पेला ठेवायला कोनाडा! अगदी ओंगळ दिसतं. बाबांनी आपल्या रानात जन्मभर एका शिडीवर आणि फळीवर भागवलं.

बाबांना यंदा एक नर हरीण टिपायचं आहे. शेवटचंच, असं रोज म्हणतात. गुडघ्यांमुळे शिडी चढवत नाही, तेव्हा जिन्याचं मचाण हवं हे कबूल. पण ते ओढ्याकाठी उभं कर. शेजारच्या श्वेंककाकांच्या हद्दीला लावून त्यांच्या रानाकडे खिडकी करणं म्हणजे त्यांच्या ताटात हात घालणं. बाबांजवळ मात्र बोलू नकोस, मनाला लावून घेतील.

जेवणखाण वेळेवर करीत जा.
तुझी ताई,
हेडविग

कोलोन, १४ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुला माझी प्रत्येक गोष्ट ओंगळ वाटते, त्यात मचाणाची भर. अगं, ओढ्याकाठची माती भुसभुशीत, खांब लगेच कलतील. शिवाय संध्याकाळचा वारा आपला वास थेट हरणांच्या नाकात नेतो. हरणं येतात काकांच्या कुरणातून, मग मचाण तिथेच हवं ना? शनिवारी ट्रॅक्टर आणून उभं केलंसुद्धा. हद्दीच्या दगडाच्या आतच आहे.

काका कुंपणाशी येऊन बघत राहिले. मी हात हलवला तर पाठ फिरवून गेले. कुजका म्हातारा! बाबांना सांगितलेलं नाही. एक मे रोजी हंगाम उघडला की थेट नेऊन बसवू.

रागावलीस तरी माया पातळ करू नकोस.
तुझा,
गेर्नोट

डोल्शाइड, २ मे

चि. गेर्नोट यास, आशीर्वाद.

काल जागेवरून माझ्याशी भांडून तू गाडी काढून पळालास, पुढचं ऐक. बाबा न जेवता झोपले. त्या खिडकीतून काकांचं कुरण दिसताच त्यांनी काडतुसं काढून खिशात टाकली, ते तूही पाहिलंस. हरीण कुंपण ओलांडून पुढ्यात आलं, तरी बंदुकीला हात लावला नाही. घरी आल्यावर एवढंच म्हणाले, की या वयात मला चोर केलंत. शी! मला त्या खुर्चीची, गालिच्याची, सगळ्याची किळस आली आहे. आता ते पुन्हा रानात जातील असं वाटत नाही.

ताई

डोल्शाइड, ५ मे

चि. हेडविग व चि. गेर्नोट यांस,
आशीर्वाद.

एकाच घरात राहून हेडविगला पत्र लिहितोय, कारण तोंडाने बोललो तर बशी फेकून मारीन. माझे गुडघे गेले, कान शाबूत आहेत. माझ्यासाठी मचाण निवडलंत, जागेवरून भांडलात आणि मला एका शब्दाने विचारलं नाहीत. दोघांचाही वीट आला.

परवा टोपी हातात घेऊन श्वेंककडे गेलो. बराच वेळ त्याने मला दारात उभं ठेवलं. मग म्हणाला, की माझं बुटकं मचाण आहे, चार पायऱ्यांचं, ये. काल तिथून नर टिपला. श्वेंकने ओकची डहाळी मोडली. अर्धी आम्ही रीतीप्रमाणे हरणाच्या तोंडात शेवटचा घास म्हणून ठेवली. उरलेली अर्धी शिकाऱ्याच्या टोपीत खोचायची असते. ती मी गेर्नोटच्या मचाणाच्या दारात खोचून आलो आहे. तेही मेलंय. गेर्नोट, शनिवारी येऊन ओढून ने.

येताना जेवायला थांब, मटण पुष्कळ आहे.
तुमचा,
बाबा