केराबाई हे नाव

सांगली
डिसेंबर १९४६

ती. आईस,
लांबूनच तुझ्या पाया पडते.

नावामुळं मूल जगतं का? मला ठाऊक नाही. माझ्याआधीची तुझी दोन्ही मुलं गेली, म्हणून तू मला जन्मताच केरावर ठेवून उचललंस आणि केराबाई नाव ठेवलंस. यमानंही केर समजून सोडून द्यावं म्हणून. कॉलेजात मी ते नाव टाकून कुमुदिनी झाले.

मुलगी चांगली आहे, अंगावर नीट पिते. पहिला मुलगा बारशाच्या आतच गेला, तसं या वेळी काही दिसत नाही. मला मात्र अजून आनंद होत नाही आणि रडूही येत नाही. तू काळजी करू नकोस. आप्पांचा खोकला कमी आहे का?

सासूबाईंनी सुलोचना नाव ठरवलं होतं. मी केराबाई म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "बी.ए. झालीस न्हवं तू? लोक हसतील की गं!"

"हसू देत," मी म्हटलं.

काल बारशाआधी मीच अंगण झाडलं, मुलीला त्या केरावर ठेवलं आणि उचलून घेतलं. मग तिच्या आत्यानं केराबाई हेच नाव कानात सांगितलं.

तुझी लेक