रेघेअलीकडे थांबलेल्या गाड्या

ठमाबाई,

दुपारपाळीला निघालोय. जेवण झाकून ठेवलंय. राग माझ्यावर काढ, पोटावर नको.

एक कबुली द्यायची आहे. तू पोहायला गेलीस तेव्हा तुझा तो हातातला गेम घेऊन बसलो. कुठलंसं बटण दाबलं आणि तुझ्याच नावाने थेट ऑनलाइन शर्यतीत शिरलो. बावीस वर्षं बस चालवतोय, म्हटलं या चिमुकल्या गाड्या म्हणजे आपल्या हातचा मळ. पहिल्याच वळणावर तळ्यात गेलो! वर कुणा अनोळखी माणसाने भोपळा फेकून मारला.

बारा जणांत शेवटी रखडत होतो. बघतो तर शर्यत संपते त्या रेघेच्या अलीकडे तुझ्या तीन मैत्रिणी गाड्या उभ्या करून थांबलेल्या. अनोळखी लोक भराभर पुढे जाऊन जिंकले, तरी या जागच्या हलेनात. मला वाटलं, मी यंत्रच बिघडवलं. तेवढ्यात एकीने पडद्यावर लिहिलं, "सावकाश ये गं. मागे राहिलेल्याला सोडून जायचं नाही, हा तुझाच नियम ना?"

पोरी, हा नियम तू माझ्याकडून नक्कीच शिकली नाहीस.

सोमवारी तू बसमागे धावत होतीस. "दिसली नाहीस" म्हणालो, ते खोटं होतं. आरशात स्पष्ट दिसत होतीस. मी घड्याळाकडे बघितलं आणि गाडी काढली.

आज घरी यायला थोडा उशीर होईल. मागून कोणी धावत आलं, तर थांबणार आहे.

बाबा