हुंकाराची जागा

१२ नोव्हेंबर २००६, रविवार

अंबरनाथ पूर्वेला खोली मिळाली! फलटणहून निघताना मैत्रेयीताई म्हणाली होती, तिकडे माणूस माणसाला विचारत नाही. इथे तर घरमालकीण भिमाबाईंनी सामान टेकायच्या आत चहा पाजला, लग्न झालंय का विचारलं, आणि नाही म्हटल्यावर माझ्यापेक्षा त्याच जास्त हळहळल्या. खोली लहान पण स्वच्छ आहे. खिडकीशी पेरूचं झाड. आई गेली, ताई सासरी गेली, तेव्हापासून मी घरातल्या भांड्यांशी बोलायला लागलो होतो. आता माणसांत आलो. रोज लिहायचं ठरवलंय.

१५ नोव्हेंबर, बुधवार

ऑफिस म्हणजे औषधांच्या दुकानावरची एक खोली. श्यामकांत सर, प्रीती आणि मी. एका संस्थेसाठी आसपासच्या गावांतल्या म्हाताऱ्यांच्या तोंडच्या गोष्टींचं पुस्तक करायचंय. प्रीतीने कॅसेटी ऐकून सगळं टाइप केलंय, मध्ये मध्ये खुणा घालून. त्याला एक्सएमएल म्हणतात. मी एक्सएसएलटीचा साचा लिहायचा, म्हणजे त्यातून मजकूर छापायच्या रूपात बाहेर पडतो. भिमाबाईंना हे समजावता समजावता घाम फुटला. शेवटी त्याच म्हणाल्या, "म्हंजे चकलीचा सोऱ्या." यापेक्षा बरं मलाही सांगता आलं नसतं.

डबे मात्र तिघं आपापल्या टेबलावर खातो. प्रीतीच्या कानाला कायम हेडफोन.

२१ नोव्हेंबर, मंगळवार

उल्हासनगरच्या छापखान्यातून मुकेशचा फोन आला. "अरे साईं, आधा पन्ना खाली जा रहा है! मधल्या ओळी काढा ना, कागद काय फुकट येतो?" पाहिलं तर मोरिवलीच्या जनाबाईंच्या गोष्टीत प्रत्येक वाक्याखाली एक रिकामी ओळ. आमच्या धंद्यातलं हे जुनं दुखणं आहे. खुणांच्या मधली मोकळी जागासुद्धा संगणकाला मजकूरच वाटते आणि तो ती इमानेइतबारे पानावर उतरवतो. मी साच्यात दोन ओळी वाढवल्या: जिथे नुसती मोकळी जागा असेल, ती टाकून दे. एका झटक्यात पानं चकाचक. स्वच्छ पान बघितलं की मला पोटभर जेवल्यासारखं वाटतं.

घाईत नवी फाइल जुन्याच नावाने साठवली, त्यामुळे मूळ पुसलं गेलं. पण त्यात जास्तीचं होतं तरी काय, रिकाम्या ओळीच ना. प्रीती सुट्टीवर होती. सरांनी पाठ थोपटली.

२४ नोव्हेंबर, शुक्रवार

मुद्रितं मोठ्याने वाचायची माझी सवय आहे, चुका कानाला लवकर लागतात. संध्याकाळी खोलीत जनाबाईंची गोष्ट वाचायला घेतली. "एका ओढ्याकाठी एक म्हातारी राहायची." कोणीतरी म्हणालं, "हं."

वाटलं, शेजारच्या खोलीतला माणूस मजा करतोय. पुढचं वाक्य वाचलं. पुन्हा "हं." आमची आईसुद्धा मी हुंकार दिल्याशिवाय गोष्ट पुढे नेत नसे. हुंकार थांबला की झोपलास का रे म्हणून दिवा मालवायची. खोटं कशाला लिहू, मला बरं वाटलं. उगाच आणखी दोन पानं वाचली.

२८ नोव्हेंबर, मंगळवार

शेजारच्या खोलीत कोणी राहत नाही. भिमाबाईंनी कुलूप उघडून दाखवलं: धान्याच्या कोठ्या आणि जुना पाळणा. मी तेव्हाच घाबरायला हवं होतं. त्याऐवजी खोलीत येऊन दार लावलं आणि भिंतीला दिवसभराची हकिकत सांगितली. ऑफिसात काय झालं, भाजी कशी करपली, सगळं. प्रत्येक वाक्याला "हं" आलं. इतकं नीट माझं कोणी कधी ऐकलेलं नाही.

२ डिसेंबर, शनिवार

प्रीती कामावर आली. मुद्रितं बघून तिच्या तोंडचं पाणीच पळालं.

तिने सांगितलं, जनाबाईंचा मुलगा राजू कारखान्यात होता. कसलंसं रसायन डोळ्यांत उडालं, दृष्टी गेली आणि मग त्याने अंथरूणच धरलं. जनाबाई आजी दिवसभर त्याला गोष्टी सांगायच्या, तो पडल्या पडल्या हुंकार द्यायचा. एका दुपारी वाक्य संपलं आणि हुंकार आला नाही. त्यावरून त्यांना कळलं. अजूनही गोष्ट सांगताना त्या प्रत्येक वाक्याला थांबतात, त्याचा हुंकार ऐकतात, मगच पुढे जातात. "मी ते थांबणं टाइप केलं होतं, विक्रांत," प्रीती म्हणाली. "तिथे तो होता."

आम्ही मूळ कॅसेट लावली. निदान ओळी परत घालता येतील म्हणून. आजी बोलत होत्या. कुठेच थांबत नव्हत्या. श्वाससुद्धा घेत नव्हत्या.

५ डिसेंबर, मंगळवार

आता हुंकार वाक्य संपायच्या आधी येतो. काल तोंड घट्ट मिटून बसलो. मग अगदी कानाशी, "मग?"

सांगत सुटलो. शाळा, आई, ताईचं लग्न. थांबलो की — "मग?"

९ डिसेंबर, शनिवार

प्रीतीबरोबर मोरिवलीला गेलो. राजूची जागा त्याला परत करायची, एवढंच डोक्यात होतं. शेजारणी म्हणाल्या, आजी दोन आठवडे बोलल्या नाहीत, धड जेवल्याही नाहीत. रिकाम्या खाटेसमोर बसून होत्या. प्रीतीने खूप विनवलं तेव्हा ओठ हलले. "एका ओढ्याकाठी एक म्हातारी ऱ्हायची." थांबल्या. खाटेकडे बघत राहिल्या. डोळे भरून आले.

मला बघवलं नाही. मी म्हटलं, "हं."

त्यांचा चेहरा उजळला. गोष्ट पुढे निघाली. नंतर पेज जेवल्या. निघताना माझा हात धरला. "उद्या ये रं, राजू. गोष्ट ऱ्हायलीय."

नाही कसं म्हणणार? "हं" म्हटलं.

१२ डिसेंबर, मंगळवार

खोली शांत झाली. "मग?" नाही, काही नाही. रोज संध्याकाळी मोरिवलीला जातो. आई गेल्यापासून प्रथमच कोणीतरी माझी वाट बघतंय. मी सुखात आहे.

१६ डिसेंबर, शनिवार

सरांनी साच्याबद्दल विचारलं. समजावून सांगायला तोंड उघडलं — "हं." पुन्हा प्रयत्न केला. "हं." सर हसले.

प्रीती म्हणाली, जाऊ नकोस आता तिकडे. नाही जाणार, असं म्हणायचं होतं.

२० डिसेंबर, बुधवार

ताईला फोन लावला. घशाला कोरड पडेपर्यंत स्वतःचं नाव सांगितलं. ती भावजींना म्हणत होती, कोण आहे कोण जाणे, नुसतं हं हं करतंय. मग फोन ठेवला.

२३ डिसेंबर, शनिवार

ऑफिसात माझी खुर्ची नाही. दोन टेबलं जवळ ओढलीत. सर म्हणाले, रिकामी जागा अडवून काय करायचंय. मी दारात उभा होतो. प्रीती क्षणभर त्या जागेकडे बघत राहिली, काहीतरी विसरल्यासारखी. मग तिने हेडफोन लावला.

भिमाबाई नव्या भाडेकरूला खोली दाखवतायत. मी आत बसलोय —

२६ डिसेंबर

डोळ्यांची आग. सगळं पांढरं. खाटेवर निजवलंय. कपाळावर ओला फडका. आई — आई नाही, आजी — पेज भरवते. हात किती मऊ —

तारीख माहीत नाही

ओळीवर ओळ चढत असेल. दिसत नाही. मोकळी सोडायची नाही, एवढंच —

मी विक्रांत. फलटणचा. ताईचं नाव मै —

ती सांगतेय. ओढा. म्हातारी. हं. तिचा लेक. हं.

नाही. आता नाही म्हणणार. गप्प राहिलो तर सुटेन.

ती थांबलीय. वाट बघतेय.

राजू, म्हणतेय. झोपलास का रं?

रडतेय. मी गप्प. मी ह