आठ दिवस काट्याला हात नाही

३ फेब्रुवारी, मंगळवार

बारक्याचा फोन. अडतीस वर्षांत धाकट्या भावानं माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं, आज मागितलं. पाय मोडल्यापासून त्याला चौथा मजला चढवत नाही. "ताई, बाबांच्या खालच्या दोन खोल्या मला देशील? भाडं देईन." भाऊ भाडं देणार म्हणे! बघते, एवढंच म्हटलं.

त्याच खोल्या एक दंतवैद्यही मागतोय. दोघांनाही रविवारपर्यंत सांगायचंय.

४ फेब्रुवारी

डोकं थंड ठेवून कागदावर दोन रकाने पाडले. दंतवैद्याच्या बाजूनं सात मुद्दे. बारक्याच्या बाजूनं एकच — भाऊ आहे.

लेकीनं वाचलं. म्हणाली, "आई, तू निकाल आधी लावलास आणि पुरावे मागून गोळा केलेस." कार्टी फार शहाणी झाली आहे. कागद घडी करून डब्याखाली सरकवला.

५ फेब्रुवारी

कुणालाही दिल्या तरी खोल्या रिकाम्या करायलाच हव्यात, म्हणून खाली गेले. बाबांचं टेबल, डोळ्याला लावायचं भिंग, तेलाची चिमुकली बाटली. अजून तोच वास! आवरायचं सोडून तासभर नुसती बसून राहिले.

बाबा घड्याळजी, पण घरात स्वतःचं म्हणून एक घड्याळ नव्हतं. दिव्याखाली अंधार! दुकानात, आईच्या खोलीत, जिकडे तिकडे खिळे, आणि खिळ्यांवर गिऱ्हाइकांची दुरुस्त केलेली घड्याळं, परीक्षेला बसलेली. आठ दिवस काट्याला हात लावायचा नाही, ही बाबांची सक्त ताकीद. मागे पडो नाहीतर पुढे पळो. रोज सकाळी कारखान्याचा नऊचा भोंगा झाला की मी वही घेऊन फिरायची आणि कोण किती मिनिटं चुकलं ते लिहायची. आठव्या दिवशी बाबा वही बघून घड्याळ पुन्हा उघडायचे. खरी वेळ फक्त त्यांच्या खिशात. आई वैतागायची — "इथे खिळ्या-खिळ्याला वेगळी वेळ. मी पानं कुठल्या वेळेला वाढू?"

बारक्या प्रत्येक घड्याळाला टोपणनाव द्यायचा. एक अडखळत चालायचं, ते 'आजोबा'. शाळेतून आलेलं मोठं गोल, ते 'हेडमास्तर'. मी वहीतही तीच नावं लिहायची आणि बाबांची बोलणी खायची. किती हसायचो आम्ही दोघं. तो बारक्या मला अजून हवा आहे.

६ फेब्रुवारी

लिहायचं नव्हतं. लिहितेच.

अडतीस वर्षांपूर्वीचा ऑगस्ट. आईच्या छातीत कळ आली तेव्हा कारखान्याचा दुपारी तीनचा भोंगा वाजत होता. बाबा सामान आणायला परगावी गेलेले. मी आईजवळ थांबले आणि बारक्याला डॉक्टरांकडे पिटाळलं. पंधरा वर्षांचा होता. जायला अर्धा तास, यायला अर्धा. म्हणजे चारला दारात हवा होता. तो डॉक्टरांना घेऊन आला तेव्हा खाटेसमोरच्या भिंतीवर पाचला वीस कमी होते. ते काटे अजून डोळ्यांसमोरून हलत नाहीत. आई नुकतीच गेली होती. अंग गरम होतं.

डॉक्टरांच्या देखत मी त्याला म्हटलं, "वाटेत खेळत बसलास, म्हणून आई गेली." तो धापा टाकत होता. "नाही गं ताई, मी पळतच..." मी पुढचं ऐकलं नाही. त्यानंही ते वाक्य पुन्हा कधी काढलं नाही. अठरा पूर्ण होताच घर सोडून गेला.

तेव्हापासून तो कुठेही तासभर आधी पोचतो. लेकीच्या लग्नात तर खुर्च्या मांडणाऱ्यांच्याही आधी हजर! सगळ्यांनी त्याची थट्टा केली. मीही हसले होते, पण मनात म्हटलं, आता येऊन काय उपयोग.

७ फेब्रुवारी

ठरलं. खोल्या दंतवैद्याला. ठरवल्यावर इतकं हलकं वाटलं, म्हणजे निर्णय बरोबरच असणार. उद्या दोघांना कळवते.

८ फेब्रुवारी, रविवार

फोन करण्याआधी शेवटचं खोकं उपसलं. वह्या निघाल्या. त्या ऑगस्टची उघडली. आई गेली त्या दिवसाची, सकाळी नऊची नोंद — "आईच्या खाटेसमोर, हेडमास्तर. पाचवा दिवस. चाळीस मिनिटं पुढे."

अक्षर माझं आहे. सकाळी मीच लिहिलं आणि दुपारी मीच विसरले. भिंतीवर पाचला वीस कमी होते, तेव्हा चार वाजले होते.

बारक्याला फोन लावला. म्हटलं, "तू वेळेवर आला होतास रे." वहीतली ओळ वाचून दाखवली.

तो म्हणाला, "ताई, परत एकदा वाच."