परिच्छेद नऊ

३ फेब्रुवारी
कोर्टाचं समन्स! बाबा प्रतिवादी एक, मी प्रतिवादी दोन. आणि वादी कोण? पलीकडचे भाई — सृष्टीचे बाबा! म्हणे मधला हद्दीवरचा चिऱ्यांचा गडगा आम्ही पाडला, त्यांची जागा खायला. अहो, गणपतीनंतरच्या वादळात माड पडला त्याच्यावर! तुमचाच माड!

आणि परिच्छेद नऊ — "प्रतिवादी क्र. २ हा वादीच्या कन्येशी सलगी करण्याच्या उद्देशाने गडगा पाडून ये-जा करतो."

सलगी! कॉलेज अर्धवट सोडून तारकर्लीत येऊन बसलो ते तिच्यासाठीच, पण तिला अजून एक शब्द बोललेलो नाही. आणि कोर्टाला आधी कळलं!

४ फेब्रुवारी
निलेशनेच सांगितलं असणार भाईंना. त्याच्याकडेच एकदा मन मोकळं केलं होतं. जेटीवर कॉलर धरली त्याची. "मी कोणाक सांगूक नाय रे, आवशीची शपथ! तुझ्या तोंडारच लिवलेलां आसा!" सगळी जेटी हसली.

७ फेब्रुवारी
मालवणात वकिलांकडे. मी घरूनच जबाब लिहून नेलेला — "दाव्यातला सगळा मजकूर खोटा. भाईसुद्धा खोटे." किशोरी मॅडमनी चष्मा काढला. "असं चालत नाही. एकेक परिच्छेद घ्यायचा. मान्य की अमान्य, ते लिहायचं. जे स्पष्ट नाकारत नाही, ते मान्य धरतात. आणि खाली शपथेवर सही."

मग एकेक घेतलं. वादळाचा तलाठ्याने केलेला पंचनामा आहे, हे बाबांना आठवलं. मॅडम खूश!

नऊवर अडलो. "पडलेल्या गडग्यावरून जातोस पलीकडे? मान्य केलंस तर म्हणतील, पाडायला कारण होतंच."

बाबा भडकले. "सगळां नाकार! पोरीचो विषय कोर्टात नको."

मॅडम पेन धरून बसलेल्या. म्हटलं, विचार करून सांगतो.

८ फेब्रुवारी
नाकारलं तर केस सोपी. पण नक्कल भाईंच्या घरी जाणार. सृष्टी वाचणार — मी शपथेवर लिहिलेलं, की माझ्या मनात तिच्याबद्दल काही नाही! मग तो गडगा कोणाचाही होऊ दे, मला काय त्याचं?

आई भाकरी थापता थापता म्हणाली, "डोक्यात राख घालून घेव नको. खरां काय तां लिही आणि गप रव."

१० फेब्रुवारी
लिहिलं! "गडगा पाडल्याचा मजकूर खोटा व अमान्य. पडलेल्या जागेवरून प्रतिवादी क्र. २ जातो, हे मान्य. वादीच्या कन्येवर त्याचे मन आहे, हेही मान्य. सलगी अमान्य — तिला त्याने अद्याप विचारलेले नाही."

मॅडमनी बाबांकडे बघितलं. बाबांनी कागद पुन्हा एकदा वाचला. मग — "शपथेर खोटां कशाक? असू दे तसांच."

परत येताना एसटीत तोंड फिरवून बसले. फाट्यावर उतरल्यावर म्हणाले, "आधी तिका तरी विचारूक होया होतां, गाढवा!"

१७ फेब्रुवारी
जबाब दाखल. नक्कल गेली. पलीकडे सामसूम. जीव थाऱ्यावर नाही.

१९ फेब्रुवारी
संध्याकाळी सृष्टी आली. पडलेल्या गडग्यावरूनच, हातात नक्कल. "निलेशाची कॉलर कित्याक धरलंस? तेणा नाय सांगूक, मीच सांगलंय. बाबा म्हणत होते, जागा खाऊक येता. मी म्हटलंय, तो जागेसाठी येणा नाय, माझ्यासाठी येता. रागान तांच तेंनी दाव्यात घातल्यानी."

मग एका चिऱ्यावर ऐसपैस बसली.

"हां. विचार आता."